पेव, पिप आणि पूर

मंडळी, गेल्या शनिवारी इथे काही लिहिलं नाही. दोघा-तिघांनी "काय रे, विषय आटले का?" असं विचारलंसुद्धा. आटले नव्हते. शनिवारी मी साताऱ्यात चौदा लॅपटॉपांसमोर उभा राहून घाम पुसत होतो आणि रविवारी सांगलीला घरी जाऊन तोंड लपवून बसलो होतो. आज सगळं सांगून टाकतो. थोडं तांत्रिक आहे. पण दुसऱ्याने लिहिलेली लायब्ररी आपल्या कोडात घेऊन ती पुढे तिसऱ्याच्या गळ्यात मारायचं काम ज्यांनी केलंय (म्हणजे आपण सगळेच), त्यांना ते ओळखीचं वाटेल. बाकीच्यांनी हळदीच्या गोष्टीसाठी वाचावं.

सुरुवात सांगलीपासून करावी लागेल.

पावसाळ्यात सांगलीत दोन माणसं भेटली की "काय, बरं हाय का?" याच्या आधी एक प्रश्न येतो: "आयर्विनला किती झालं?" आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा १९२९ सालचा पूल. त्याच्याजवळ नदीची पातळी फुटांत मोजतात. ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. हे आकडे आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही पाठ. आणि नदीकाठच्या प्रत्येक घराचा स्वतःचा एक आकडा असतो. आयर्विनला अमुक फूट झालं की आपल्या पायरीला पाणी लागणार, असा. तो कुठल्या सरकारी कागदावर नसतो. तो घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यात असतो, नाहीतर भिंतीवर कोळशाने ओढलेल्या रेघेत.

आमच्या घराचा आकडा पंचावन्न. २००५ च्या महापुरात पाणी गल्लीच्या तोंडापर्यंत येऊन थांबलं, पायरीला लागलं नाही. त्या एका गोष्टीवर आबा चौदा वर्षं निर्धास्त होते. ऑगस्ट २०१९ मध्ये मी पुण्याहून फोनवर कंठशोष करत होतो, तर म्हणाले, "पाचला आलं नाही ते आता कुठलं येतंय!" त्या वेळी आयर्विनची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. घरात गुडघ्याच्या वर पाणी. आईचं शिलाई मशीन, आजोबांच्या हिशेबाच्या वह्या, सगळं गेलं. माणसं वर गच्चीवर होती, एवढंच नशीब.

त्यानंतर माझ्या डोक्यात आलं की हे घरोघरचे आकडे एका ठिकाणी गोळा केले तर? मावसभाऊ आणि त्याच्या मित्रांनी सायकली काढल्या. भिंतीवरच्या रेघा, म्हाताऱ्यांच्या आठवणी, दुकानांचे ओटे, असं सगळं विचारून विचारून एक एक्सेलची फाइल बनवली. ठिकाण, गल्लीचं नाव, आकडा. उपग्रहावरून मिळणारी जमिनीची उंची फुकट मिळते, पण ती काही मीटरने चुकू शकते, आणि आमच्याकडे पुराचा सगळा खेळ फुटाफुटाचा. म्हणून माणसांनी सांगितलेले आकडेच खरे.

मग ती फाइल नकाशावर दाखवायला मी क्यूजीआयएसचं एक प्लगिन लिहिलं. क्यूजीआयएस ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: नकाशे बनवायचं फुकट आणि मुक्त सॉफ्टवेअर, २००२ मध्ये सुरू झालेलं, आता जगभरच्या पाणीवाल्यांचं, शेतीवाल्यांचं आणि सरकारी खात्यांचं लाडकं. त्याला पायथनमध्ये छोटी छोटी जोड-साधनं लिहिता येतात, तीच प्लगिनं. माझ्या प्लगिनमध्ये एक चौकट. तिच्यात आयर्विनचा आकडा टाका, बटण दाबा, कुठल्या गल्ल्या पाण्याखाली जातील ते निळं होतं. बस्स, एवढंच. पण पहिल्यांदा आबांना दाखवलं तेव्हा ते बराच वेळ ५५ टाकून बघत बसले होते. मग ५७.

आता मुद्द्यावर येतो.

प्लगिन लिहिताना मला दोन गोष्टी लागल्या. एक्सेलची फाइल वाचायला ओपनपायएक्सेल आणि निळ्या रंगाचा थर तयार करायला रास्टेरियो. दोन्ही चांगल्या, नावाजलेल्या लायब्रऱ्या. माझ्या लॅपटॉपवर "पिप इन्स्टॉल" म्हटलं की दोन मिनिटांत हजर. (पिप म्हणजे पायथनची सामान आणून देणारी व्यवस्था. आपल्या किराणा दुकानातल्या पोऱ्यासारखी. एक वस्तू मागा, तिच्याबरोबर लागणाऱ्या आणखी चार घेऊन येतो. ओपनपायएक्सेल मागितलं तर त्याला लागणारी ईटी-एक्सएमएलफाइल नावाची आणखी एक लायब्ररी न विचारता पिशवीत.)

पण प्लगिन काही फक्त माझ्यासाठी नव्हतं. मावसभाऊ विश्रामबागेत राहतो, त्याला फोनवरून शिकवायला घेतलं. "दादा, ती काळी खिडकी उघडली. आता?" "आता पी आय पी टाइप कर." "केलं. तांबडं कायतरी आलं." "वाच." "दादा, लई मोठं आहे." पाऊण तास. त्यात कळलं की त्याने विंडोजचीच काळी खिडकी उघडली होती. क्यूजीआयएस विंडोजवर स्वतःचं वेगळं पायथन घेऊन येतं आणि त्याची काळी खिडकीही वेगळी असते. म्हणजे सामान आलं होतं, पण शेजाऱ्याच्या घरात पडलं होतं.

त्या दिवशी ठरवलं, हे लोकांवर टाकायचं नाही. सगळं बरोबर बांधून द्यायचं. प्लगिनच्या झिपमध्येच एक फोल्डर केलं, त्यात दोन्ही लायब्रऱ्या आणि त्यांची पिल्लावळ भरली आणि पायथन ज्या क्रमाने लायब्रऱ्या शोधतं त्या यादीत माझं फोल्डर सगळ्यात पहिल्या नंबरला टाकलं. एका ओळीचं काम. झिप झाली तीसेक एमबी. झिप मोठी वाटली म्हणून जे जे बिनकामाचं दिसलं ते उडवलं: चाचण्यांच्या फाइली, उदाहरणं, आणि हो, परवान्याच्या फाइलीसुद्धा. (हे लक्षात ठेवा, परत येतो याच्याकडे.) पेनड्राइव्हवर टाका, कुणालाही द्या, इंटरनेट नको, काळी खिडकी नको. मी स्वतःवर भलताच खूश होतो.

आबांना समजावून सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे पेवात भरून दिलंस म्हण की."

सांगली हळदीचं गाव. इथल्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण बाजार त्याच्या कितीतरी आधीचा. आणि सांगलीला लागून, कृष्णा-वारणेच्या संगमावर, हरिपूर. तिथली पेवं प्रसिद्ध. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं कोठार. तोंड निमुळतं, पोट रुंद. त्यात हळद भरायची, तोंड बंद करायचं आणि वरून माती लिंपून टाकायची. आत हवा नाही, म्हणून कीड नाही. वर्षानुवर्षं माल जसाच्या तसा. विजेचा खर्च नाही, राखण नाही. आजोबा काही वर्षं हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते, त्यामुळे आबांना यातलं बरंच माहीत. ते सांगायचे, पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही. बराच वेळ उघडं ठेवायचं, मग कंदील सोडून बघायचा. विझला तर थांबायचं. घाई केली तर माणूस आतच गुदमरतो.

मला तेव्हा पेवाची उपमा फारच आवडली होती. कंदिलाचा भाग मी ऐकला आणि सोडून दिला.

आता सातारा. साताऱ्याला माझा एक कॉलेजचा मित्र आहे, तो पाणलोटाच्या कामात असतो. आपल्याला सातारा म्हटलं की कंदी पेढे, कास आणि धो धो पाऊस आठवतो. पण तो जिल्ह्याचा पश्चिम भाग. पूर्वेला माण आणि खटाव, तिथे पाऊस शोधावा लागतो. कोरेगाव तालुक्यातलं वेळू गाव २०१६ च्या पहिल्या वॉटर कपमध्ये पहिलं आलं, ते तुम्ही वाचलं असेल. ते श्रमदानाचे दिवस टीव्हीवर दिसले. मात्र त्यानंतर वर्षानुवर्षं विहिरींची पातळी मोजत राहणारी माणसं दिसत नाहीत. माझा मित्र अशा माणसांबरोबर काम करतो. त्याने माझं प्लगिन पाहिलं आणि म्हणाला, "अरे, तुझ्या पुराचं उलटं केलं की आमची विहीर झाली. आकडा टाकला की पाणी कुठे आहे ते दिसायला पाहिजे. येशील का एक शनिवार?"

गेलो. पोवई नाक्याजवळ एका हॉलमध्ये चौदा जण आपापले लॅपटॉप घेऊन आले होते. कुणी दहिवडीहून, कुणी वडूजहून. वायफाय नावापुरतं. मी तयारीनिशी गेलो होतो. क्यूजीआयएस ३.२८ च्या काळात विंडोजवर त्याच्याबरोबर पायथन ३.९ यायचं, पुढच्या आवृत्त्यांत ते ३.१२ झालं. रास्टेरियोसारखी लायब्ररी ही नुसतं पायथन नसते, तिच्यात मशीनसाठी आधीच शिजवून ठेवलेला भाग असतो. तो एका आवृत्तीचा दुसरीला चालत नाही, आणि विंडोजचा मॅकला तर नाहीच. म्हणून मी दोन वेगळ्या झिप नेल्या होत्या. अर्ध्या तासात चौदाच्या चौदा लॅपटॉपवर प्लगिन चालू. टाळ्या वगैरे. माझी छाती दोन इंच फुगली. चहा झाला.

चहानंतर माणकडच्या एक ताई उठून जवळ आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "सर, तुमचं टाकल्यापासून माझं बंद पडलंय."

त्यांच्याकडे आधीपासून एक दुसरं प्लगिन होतं, कुणी स्वयंसेवकाने लिहून दिलेलं. तीन वर्षं त्या महिन्याच्या महिन्याला विहिरीत दोरी सोडून मोजत होत्या, एक्सेलमध्ये भरत होत्या आणि त्या प्लगिनमधून तक्ता काढत होत्या. टँकरच्या मागणीबरोबर तो तक्ता त्यांना सोमवारी द्यायचा होता. आता बटण दाबलं की तांबडी अक्षरं. त्यांना वाटलं, तीन वर्षांचा डेटा गेला. चेहरा असा झाला होता की मला स्वतःची लाज वाटली. अजून काय झालंय हेही मला माहीत नव्हतं.

तांबडी अक्षरं वाचली. ते प्लगिन पांडाज वापरत होतं. पांडाज म्हणत होतं, मला ओपनपायएक्सेल ३.१.० किंवा त्याच्या पुढचं लागतं, तुमच्याकडे ३.०.९ आहे. आता ताईंच्या लॅपटॉपवर ३.१ चं होतंच. स्वयंसेवकाने नीट बसवून दिलं होतं. ३.०.९ माझं. मी कधीतरी भरलेलं आणि नंतर कधी उघडून न बघितलेलं.

हे कसं होतं ते सांगतो, कारण माझ्यासारखे चांगले दहा वर्षं पायथन लिहिणारेही इथे फसतात. क्यूजीआयएसमधली सगळी प्लगिनं एकाच पायथनमध्ये राहतात. एकत्र कुटुंबातल्या स्वयंपाकघरासारखं. फळीवर "हळद" नावाचा डबा एकच असणार. जिने पहिल्यांदा डबा काढला, तिचाच डबा सगळ्यांना. दुसरीने कितीही चांगली हळद आणलेली असो, तिचा डबा मागे राहतो आणि कुणी उघडतच नाही. मी माझं फोल्डर यादीत पहिल्या नंबरला टाकलं होतं. म्हणजे मी दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात शिरून, न विचारता, सगळ्यात पुढे माझा जुना डबा ठेवून आलो होतो. आणि तेही चौदा घरांत.

उपाय सोपा होता. माझं प्लगिन काढलं, क्यूजीआयएस बंद करून परत उघडलं, ताईंचा तक्ता आला. डेटाला धक्का लागला नव्हता. त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मग विचारलं, "परत टाकलं तर परत बंद पडेल का?"

"हो."

"मग राहू दे, सर."

काही रागाने नाही म्हणाल्या. अगदी साधं, व्यवहाराचं बोलल्या. त्यांना पुराचा नकाशा बघून आनंद झाला होता, पण सोमवारचा तक्ता जास्त गरजेचा होता. बाकीच्या तेरा जणांनाही मी स्वतःहून काढायला सांगितलं. मित्र म्हणाला, "अरे, त्यांच्याकडे ते दुसरं प्लगिन नाहीये, त्यांना काय त्रास?" आज नाही. पण उद्या दुसरं काहीतरी टाकतील आणि ते बंद पडेल, तेव्हा मी तिथे नसणार. त्यांना कधीच कळणार नाही की दोष कुणाचा. बिचारे दुसऱ्याच कुणाला तरी शिव्या घालतील.

साताऱ्याहून सांगलीला निघालो. कऱ्हाडला कोयना कृष्णेला मिळते तिथे संगमावर थोडा थांबलो. आपण सॉफ्टवेअरवाले "अपस्ट्रीम" हा शब्द किती सहज वापरतो! लायब्ररी जिथून येते ते अपस्ट्रीम, आपण डाउनस्ट्रीम. कोयना धरण सातारा जिल्ह्यात, १०५ टीएमसीचं. तिथून किती पाणी सोडलं यावर खाली सांगलीत आमच्या पायरीचा हिशेब. सांगलीकर म्हणून मला जन्मापासून डाउनस्ट्रीमचं दुखणं माहीत. वरच्यांनी आधी सांगितलं पाहिजे, किती सोडतोय, केव्हा सोडतोय. आणि त्या शनिवारी मी कुणाला तरी वरचा होतो आणि काहीच सांगितलं नव्हतं. प्लगिनबरोबर आत काय काय भरलंय, कुठल्या आवृत्त्या, ते कुठे जाऊन बसणार, याचा एक शब्द नाही.

पेठ नाक्यावरून आत वळलो, आष्टा मागे टाकून रात्री घरी. आबांना सांगितलं. ते म्हणाले, "पेवाचं पण तसंच झालं की."

२००५ चा पूर आला तेव्हा हरिपूरच्या पेवांत पाणी शिरलं. वरून बंद, लिंपलेलं, सुरक्षित वाटणारं. आत हळदीचा लगदा. फार मोठं नुकसान झालं. नंतर पेवांचा वापर कमी होत गेला, माल गोदामात आणि शीतगृहात जायला लागला. आबांचं म्हणणं असं की दोष पेवाचा नाही. पेव चांगलंच. पण बंद केलं की विसरायचं, ही सवय वाईट. पुराच्या काठावर पेव असेल तर नदीकडे लक्ष ठेवायला माणूस लागतो.

मला लगेच डिसेंबर २०२१ आठवला. जावाच्या जगात लॉगफोरजे नावाच्या लायब्ररीत भयंकर भोक सापडलं होतं. आमच्या टीमचे ते दिवस ज्यांनी पाहिले ते विसरणार नाहीत. भोक बुजवायला एक नवी आवृत्ती टाकायची होती, ते काम दहा मिनिटांचं. पण ती लायब्ररी कुठे कुठे आहे हे शोधण्यात दिवसच्या दिवस गेले. कुणीतरी कधीतरी कुठल्यातरी पेवात भरून वरून लिंपून टाकलेली!

तर रविवारी सकाळी माझं पेव उघडलं. कंदील सोडून, सावकाश. :)

पहिला धक्का. दोन्ही लायब्रऱ्यांची मला गरजच नव्हती! क्यूजीआयएसच्या पोटात जीडॅल नावाची जुनी, मजबूत लायब्ररी असते. ती एक्सेलची फाइल थेट वाचते. माझी ती फाइल क्यूजीआयएसमध्ये नुसती ओढून टाकली तरी उघडत होती. रास्टेरियो हीसुद्धा जीडॅलवरच बसवलेली, आणि पिपवरून येताना स्वतःचं आणखी एक जीडॅल बरोबर घेऊन येते. म्हणजे एका घरात दोन जीडॅल. आणि आकड्यांमधल्या मधल्या जागा भरून थर तयार करायचं साधनही क्यूजीआयएसमध्ये आयतंच. काखेत कळसा आणि गावाला वळसा. तीस एमबीचं ओझं मी चौदा लॅपटॉपवर चढवलं ते फक्त घरात आधी बघितलं नाही म्हणून.

दुसरं. एक छोटी लायब्ररी मात्र खरंच लागत होती. कुणी "गावभाग" देवनागरीत लिहिलंय, कुणी रोमनमध्ये, ते जुळवायला. ही शुद्ध पायथन, शिजवलेला भाग काही नाही, म्हणून कुठल्याही मशीनवर चालते. ती बरोबर दिली, पण आता माझ्या प्लगिनच्या आत, माझ्या प्लगिनच्या नावाखाली. फळीवरच्या डब्याला हात नाही. आपल्या खोलीत आपला डबा. त्यासाठी लायब्ररीच्या आतले एकमेकांचे पत्ते बदलावे लागतात, थोडं किचकट काम आहे. पण पिप स्वतः हेच करतं. पिपला लागणाऱ्या लायब्रऱ्या पिपच्याच पोटात एका वेगळ्या फोल्डरमध्ये असतात. साहजिक आहे. सामान आणणाऱ्यालाच आधी सामान लागलं तर तो आणणार कशाने?

तिसरं, शिजवलेल्या लायब्रऱ्या. उद्या खरंच एखादी लागली तर? ती झिपमध्ये भरायची नाही, हे आता नक्की. क्यूजीआयएसच्या अधिकृत प्लगिन-भांडारातही असले शिजवलेले भाग चालत नाहीत. हा नियम मला पूर्वी जाचक वाटायचा. मग करायचं काय? प्लगिन उघडताना लायब्ररी आहे का बघायचं. नसेल तर स्वच्छ मराठीत सांगायचं: अमुक लायब्ररी, अमुक आवृत्ती लागते, ती अशी बसवा, आणि ती नसताना प्लगिनचा एवढा भाग चालेल, एवढा चालणार नाही. मागच्या दाराने गुपचूप पिप चालवायचं नाही. (नव्या डेबियन-उबंटूवर तर सिस्टीमच्या पायथनमध्ये पिपने काही टाकायला गेलं की ते सरळ हटकतं, की हे घर दुसऱ्या कुणाच्या ताब्यात आहे.) हे काम सोपं करणारं क्यूपिप नावाचं प्लगिनही आहे, कुठल्या प्लगिनला काय लागतं ते बघून विचारून बसवतं. आणि जिथे नेट नाही तिथे पिपलाच आधी पुण्यात बसून सगळं सामान एका फोल्डरमध्ये उतरवायला सांगायचं. मग साताऱ्यात त्याला बजावायचं की बाहेर जाऊ नकोस, या फोल्डरमधूनच घे. हे पिपला व्यवस्थित येतं. इतकी वर्षं येत होतं. मी कधी मॅन्युअल उघडलं नव्हतं.

चौथं, ज्याचा उल्लेख वर केला होता. परवाने.

ओपनपायएक्सेल एमआयटी परवान्याखाली आहे, रास्टेरियो बीएसडी. दोघांचं मागणं इतकं छोटं की सांगायला लाज वाटते. फुकट घ्या, बदला, वाटा, विका. फक्त आमचं नाव आणि ही परवान्याची चिठ्ठी बरोबर राहू द्या. मी काही किलोबाइट वाचवायला नेमकी तीच चिठ्ठी काढून फेकली होती. ज्यांनी वर्षानुवर्षं आपले शनिवार-रविवार घालून हे लिहिलं, त्यांनी मागितलेली एकुलती एक गोष्ट! आबांना हे सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा खरंच नाराज झाले. म्हणाले, "दुसऱ्याच्या पोत्यावरचा मार्का पुसून माल पुढं पाठवणाऱ्याला बाजारात काय म्हणतात, ठाऊक आहे न्हवं?" ठाऊक आहे. इथे लिहीत नाही.

आता प्लगिनमध्ये एक साधी फाइल आहे. बरोबर दिलेल्या लायब्ररीचं नाव, आवृत्ती, कुठून घेतली, केव्हा घेतली, कुठल्या परवान्याखाली, आणि शेवटी मूळ परवाना जसाच्या तसा. माझं प्लगिन जीपीएलखाली, क्यूजीआयएससारखंच. शिवाय दर तिमाहीला फोनवर गजर लावलाय: "पेव बघ." तीस एमबीची झिप आता एक एमबीच्या आत आली आहे.

हे सगळं करायला रविवार पुरला नाही. सोमवारची सुट्टी टाकली (मॅनेजरला "घरगुती काम" म्हणून सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं). मग मित्राकडून नंबर घेऊन ताईंना फोन केला. काय चुकलं होतं ते सांगितलं, माफी मागितली. नवीन झिप कुरियरने पेनड्राइव्हवर पाठवू का, विचारलं. आतमध्ये काय आहे ते एका कागदावर मराठीत लिहून देतो म्हटलं.

त्या थोडा वेळ गप्प. मग म्हणाल्या, "पाठवा सर. पण आमच्याकडे एक जुना लॅपटॉप आहे, आधी त्याच्यावर टाकून बघते. आठ दिवस दोन्ही चाललं तर मग माझ्यावर टाकते."

मी इतकी वर्षं मोठमोठ्या पगाराच्या माणसांबरोबर रिलीज केले. इतकी नेमकी रिलीज पॉलिसी कुणाच्या तोंडून ऐकली नव्हती.

पेनड्राइव्ह बुधवारी मिळाला. अजून आठ दिवस व्हायचे आहेत, त्यामुळे निकाल काय लागला ते आज सांगू शकत नाही. चाललं तर पुढच्या शनिवारी सांगेन. नाही चाललं तरी सांगेन.

तोवर एक काम करा. तुम्ही कुणाला तरी बांधून दिलेलं एखादं जुनं प्लगिन, स्क्रिप्ट, काहीही असेल, ते या आठवड्यात उघडून बघा. आत काय भरलंय, कुणाचं आहे, आणि ते कुणाच्या डब्यापुढे जाऊन बसलंय.

आणि हो, सांगलीकर मित्रांनो, तुमच्या घराचा आकडा काय ते घरच्या म्हाताऱ्या माणसाला विचारून ठेवा. पावसाळ्याच्या आत.